खांद्यावरचा डाग

दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना मला रोज बायकोचा हेवा वाटतो. तिच्या प्रत्येक गाऊनवर उजव्या खांद्याशी वरणाचा पिवळट डाग आहे. आमची दीड वर्षांची लेक जेवण झालं की तिथे तोंड पुसते आणि तिथेच डोकं टेकते.

"तुझं बरं आहे, शर्ट कसे नव्यासारखे राहतात," बायको म्हणते.

आता हिला काय सांगू? बाहेर अशा शर्टाला मान असेल, घरात तो पाहुण्याचा वाटतो.

काल मुद्दाम मीच लेकीला वरणभात भरवला. शेवटच्या घासापर्यंत छान जेवली. मी खांदा पुढे केला. ती माझ्या मांडीवरून उतरली आणि बरबटलेलं तोंड घेऊन आईला शोधत स्वयंपाकघरात गेली.