आडवा हात

इंग्लंडमधल्या मेडनहेड स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर ते मला रोज सकाळी दिसायचे. साठीच्या पुढचे, लोकरी टोपी कानांपर्यंत ओढलेली, पाठीवर उन्हाने विटलेली जुनी सॅक. इथे न थांबणारी फास्ट ट्रेन आली की ते मागे भिंतीला टेकायचे आणि डावा हात आडवा धरायचे, शेजारच्याला थोपवावं तसा. शेजारी कोणी नसायचं.

एकदा आईशी फोनवर बोलत मी नेमकी तिथे उभी होते. ट्रेन धडधडत आली आणि तो हात माझ्यासमोर आडवा झाला.

"सॉरी हं," ते मराठीतच म्हणाले. "हिमालयातली सवय. पायवाटेवर घुंगरं वाजली की समजायचं, खेचरं आली. मग डोंगराला चिकटून उभं राहायचं. दरीच्या बाजूला राहिलात तर एक धक्का पुरतो."

"आणि हात?"

"आमच्या हिला दरीच्या बाजूनंच चालायचं असायचं. म्हणायची, फुलं तिकडून दिसतात. पुढे पुढे तर मुद्दाम जायची, मी मागे ओढावं म्हणून."

ते रुळांकडे बघत राहिले. कॉलेजात असताना मीही हिमालयात, व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेले होते. खेचरांच्या भिजलेल्या अंगाचा तो वास इतक्या वर्षांनी, इथे बर्कशरच्या थंडीत, मला पुन्हा आला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीची जागा सोडून त्यांच्या डावीकडे जाऊन उभी राहिले. ट्रेन आली, हात आडवा झाला, आणि मी एक पाऊल मागे सरकले.