खालचा नट
काल शेजाऱ्याने सायकलची चेन पेट्रोलने धुतली, आणि त्या वासासरशी सुकापूरच्या आमच्या सोसायटीतला तो रविवार आठवला. बाबांची चाळीस वर्षांची गाडी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभी होती. इंजिनात हवा आणि पेट्रोल नेणारा मॅनिफोल्ड मी स्वतः काढणार होतो. मोबाईलवर तीन व्हिडिओ बघून ठेवले होते. बाबा पाना घेऊन पुढे आले तसं मी म्हणालो, "बाबा, तुम्ही फक्त बसा." ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. दिसले तेवढे सगळे नट निघाले, तरी मॅनिफोल्ड जागचा हलेना. घामाघूम होऊन, चिडून मी फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि जोर लावला. कटकन आवाज झाला आणि मॅनिफोल्डचा नट बसवायचा एक कान तुटून पायाशी पडला. बाबा उठले, त्यांनी माझा हात धरून मॅनिफोल्डच्या खाली नेला. बोटाला एक नट लागला, वरून अजिबात न दिसणारा. "माहीत होतं तर बोलला का नाहीत?" मी ओरडलो. "तू बसायला सांगितलंस ना," ते साधेपणाने म्हणाले. मॅनिफोल्ड वेल्डिंगला नेला तेव्हा उरणचा म्हातारा कारागीर हसला, "खालचा नट राह्यला ना? घरात कोनी म्हातारं नाय का इचाराला?" मागच्या आठवड्यात मुलगी नवीन कपाट जोडत होती. मी पुढे झालो, तर म्हणाली, "बाबा, तू नुसता बस." मी बसलो. फळी उलटी लागतेय हे मला खुर्चीवरूनच दिसत होतं.