वरातीच्या घोड्यावरचा काउबॉय

पिक्चर एकदाच बनतो, पण त्याचे किस्से चहाच्या टपरीवर वाढतच राहतात. आम्ही शिरपूरच्या मित्रांनी एका इंग्रजी काउबॉय पिक्चरचा अहिराणी रिमेक केला. गोष्ट तीच: घोड्यावरून एक अनोळखी माणूस येतो, गुंडाला संपवतो, निघून जातो. कॅमेरा माझा, लग्नाच्या शूटिंगचा. पण पाहणारे म्हणतात, तुमचा जास्त चांगला झालाय. कसा झाला, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

*

घोडा वरातीचा मिळाला. इंग्रजी हिरो धूळ उडवत दौडत येतो. आमचा घोडा काही केल्या पळेना. टाच मारली की थांबायचा, दोन पावलं टाकायचा, परत थांबायचा. मालक म्हणाला, "त्याला बँडची सवय आहे."

डायरेक्टर राजूभाऊ कपाळाला हात लावून बसला. एडिटिंगला मात्र तोच शॉट आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला. हिरो इतका सावकाश येत होता, की गुंडांना घाबरायला भरपूर वेळ मिळत होता.

*

हिरो म्हणजे प्रकाश. काळीपिवळी चालवतो, गप्प बसणं माहीत नाही. आणि हिरोला संवाद जेमतेम चार! शेवटी राजूभाऊनं त्याच्या तोंडात कडुनिंबाची काडी दिली. ती चावून प्रकाशचा चेहरा असा काही झाला, की लोकांना वाटलं, याला मोठं दुःख आहे.

*

व्हिलन किशोर. त्याचं घराणं राजस्थानचं, कापडाचं दुकान. तिथे दारूचा अड्डा दाखवायचा होता, पण त्याचे वडील म्हणाले, "दुकान घ्या, बाटली नको." मग दुकानातच शूटिंग केलं.

व्हिलननं दार ढकलून आत यायचं होतं. किशोर आला, उंबऱ्याबाहेर बूट काढले, नीट जोडीनं लावले आणि मग आत शिरला.

राजूभाऊ ओरडला, "अरे, तू गुंड आहेस!"

"गादीवर बूट घालून गेलो तर बाबूजी खरंच मारतील."

तो शॉट तसाच ठेवला. बूट बाहेर काढून ठेवून मारायला येणारा माणूस जास्त भयंकर वाटतो, हे तेव्हा कळलं.

*

शेवटच्या सामन्यात वावटळ आली आणि प्रकाशची हॅट उडाली. ती किशोरच्या पायाशी पडली. त्यानं सवयीनं उचलली, झटकली, प्रकाशच्या हातात दिली आणि म्हणाला, "हां, आता काढ पिस्तूल."

धुळ्याला पिक्चर दाखवला, तेव्हा या प्रसंगाला हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

*

शेवटचा शॉट. इंग्रजी हिरो मागे न बघता निघून जातो. आमच्या पिक्चरमध्ये एका म्हातारीनं फक्त दारात उभं राहायचं होतं. ती राजूभाऊची मावशी, आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचा मुलगा बापाशी भांडून सुरतेला यंत्रमागावर कामाला गेला. बाप वारला तरी आला नाही.

घोडा निघाला. अक्का एकदम दारातून पुढे आली आणि कुठे निघालास म्हणून हाक मारली, "कथा चालना रे? भाकर त खाईसन जाय."

प्रकाशनं घोडा वळवला. उतरला, हॅट काढली, ओट्यावर बसला. कट म्हणायचं राजूभाऊला सुचलं नाही. पिक्चर तिथेच संपतो.

यूट्यूबवर टाकताना खाली माझा नंबर दिला होता. काही दिवसांनी एक फोन आला. मागे यंत्रमागांचा खडखडाट.

"त्या पिक्चरमाधली म्हातारी आजून तठेच ऱ्हास का?"

"हो, तिथेच राहते. कोण बोलतंय?"

खडखडाट हळूहळू लांब गेला; तो फोन घेऊन बाहेर आला असावा. मग तो म्हणाला, "तिले सांगा, भाकर झाकी ठेव."