देशकरकाकांची रंगीत तालीम

फ्रीमाँटमध्ये जानेवारीतसुद्धा दुपारचं ऊन चांगलं तापतं. अशा एका रविवारी आमच्या टाउनहाउसच्या पार्किंगमध्ये आम्ही सहा जण बर्फातले जाड कपडे, गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे आणि हेल्मेट घालून रांगेत उभे होतो. समोर देशकरकाका, तेही त्याच वेशात. सगळ्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या. कुत्र्याला फिरवायला निघालेली एक शेजारीण थबकली, आमच्याकडे पाहून कसंनुसं हसली आणि कुत्र्याला ओढत पलीकडच्या फुटपाथवर गेली. माझी मुलगी ईशा खिडकीतून "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग" म्हणाली आणि तिनं पडदा ओढून घेतला.

"काका, हेल्मेट काढू का?" मी विचारलं.

"पहाडावर काढशील?" काका म्हणाले. "मग इथं काहून काढतो?"

कोणत्याही सहलीआधी रंगीत तालीम झालीच पाहिजे, हा काकांचा कायदा. रंगीत म्हणजे पूर्ण वेशात, पूर्ण सामानासह, थेट प्रयोगासारखी. तरुणपणी नागपूरला ते एका हौशी नाट्यसंस्थेत होते. अभिनयात नव्हे. पडदा ओढायचा, विंगेत उभं राहून विसरलेली वाक्यं पुरवायची, ऐनवेळी राजाच्या हातात तलवार द्यायची, ही त्यांची कामं. पुढे मेकॅनिकल इंजिनियर म्हणून ते अमेरिकेत आले, इथेच नोकरी संपवून निवृत्त झाले. काकू गेल्या, मुलगी केतकी लग्नानंतर नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला राहायला गेली आणि काका आमच्या शेजारच्या घरात एकटे राहिले. पण विंग काही त्यांच्या अंगातून गेली नाही. "प्रयोगाच्या दिवशी नवीन काहीच करायचं नाही बापा," ते म्हणायचे. "जे काय बिघडायचं आहे ते तालमीत बिघडून जाऊ दे."

आमचा ग्रुप म्हणजे पुणे, मुंबई, नागपूर अशी मिसळ. व्हॉट्सॲपवर सहल ठरवायची आमची पद्धत अशी, की सगळे हौसेनं अंगठा दाखवतात आणि बुकिंग कोणीच करत नाही. काका नसते तर आम्ही फ्रीवेच्या पलीकडे गेलो नसतो. पण त्यांची किंमतही मोजावी लागायची. एकदा दरीत उतरण्याच्या सहलीआधी त्यांनी आम्हाला पाठीवर सामान घेऊन पार्किंग गराजचे जिने चढायला लावलं होतं. माझ्या ऑफिसमधला निखिल, मूळचा मुंबईचा, अर्ध्यातच पायरीवर बसला.

"यार काका, तिकडे थंड असेल. मी करतो मॅनेज."

"तालमीत पडलं ते पडलं," काका म्हणाले, आणि निखिल त्या सहलीतून गळाला. त्याच्या बायकोनं मध्यस्थी केली, मी केली, काही उपयोग झाला नाही. निखिल पुढे कितीतरी दिवस काकांशी धड बोलत नव्हता. काकांना त्याचं वाईट वाटलं असावं, कारण त्या काळात ते त्याच्या घरी दर आठवड्याला काहीतरी दुरुस्त करायला जात. नियम मात्र त्यांनी सोडला नाही.

बर्फाची सहल ही एकच अशी, जी काकांनी स्वतःहून मागितली. एरवी ठिकाण आम्ही सुचवायचं आणि ते पार पाडायचे. त्या दिवाळीत फराळाला बसलो असताना ते म्हणाले, "या थंडीत स्नोमोबील करू." स्नोमोबील म्हणजे बर्फावरची मोटारसायकल म्हणा, पुढे दोन स्की आणि मागे रुंद फिरता पट्टा. अमेरिकेतला त्यांचा पहिला हिवाळा मिनेसोटात गेला होता. शेजारची पोरं त्या गाड्या शेतातून उधळत न्यायची आणि काका खिडकीतून पाहत बसायचे. नोकरी नवी, व्हिसा कच्चा, केतकी पाळण्यात. हातपाय मोडून घेण्याची सोय नव्हती. पुढे बघू, पुढे बघू करत जन्म गेला.

"आणि आखलेल्या सडकेवर नाही हां," त्यांनी बजावलं. "जिथं रस्ता नाही, कमरेएवढा बर्फ आहे, तिथं जायचं. सगळं आयुष्य विंगेत उभा राहिलो. हे एक मला स्टेजवर करू द्या." हे बोलताना त्यांच्या हातातली चहाची बशी वाजत होती. आजकाल कॉफी जास्त होते, असं त्यांनी सांगितलं, आणि आम्हीही ते मान्य केलं.

वायोमिंगमधल्या एका लहान गावातली गाइड काकांनी शोधून काढली. तिचं नाव डाना. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. व्हिडिओ कॉलवर तिनं एकेकाला विचारलं, मशीन चालवायचा अनुभव किती? माझी बायको मृणाल बेधडक म्हणाली, "इंटरमीडिएट." मीही तेच म्हणालो. निखिल तर "इंटरमीडिएट टू ॲडव्हान्स्ड" म्हणाला. डाना खूश झाली आणि नकाशावर उंचावरचे उतार दाखवायला लागली. तेवढ्यात काका म्हणाले, "वन मिनिट, डाना," आणि मराठीत आमच्याकडे वळले.

"कोणी चालवली रे स्नोमोबील?"

"काका, कॉलेजची सगळी वर्षं स्कूटर चालवलीये मी," मृणाल म्हणाली. "पुण्यात!"

"लक्ष्मी रोडवर गाडी घातली म्हणजे पहाड सर झाला का? ती बाई तुमच्या भरवशावर रस्ता आखून राहिली आहे. उद्या वरून बर्फाचा कडा सुटला तर हॉर्न वाजवणार आहात?" मग ते स्क्रीनकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "डाना, ऑल बिगिनर्स. मी टू."

डानानं नकाशा बंद केला आणि दुसरा उघडला. नवख्या लोकांना कड्याखालून नेत नाही, सकाळी बर्फाचा अंदाज पाहून ठरवीन, मी परत फिरा म्हटलं की वाद नको, असं तिनं सांगितलं. आणखी एक गोष्ट तिनं दोनदा सांगितली. या मशीनचा वेग उजव्या अंगठ्यानं खटका दाबून धरायचा असतो. खोल बर्फात तो एकसारखा दाबलेला हवा. सुटला तर मशीन बुडतं, जास्त दाबला गेला तर झाडावर जातं.

म्हणून ती रविवारची तालीम. पहिला अंक बीकनचा. बीकन म्हणजे छातीला बांधायचं, सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र. कोणी बर्फाखाली गाडला गेला तर बाकीच्यांनी आपल्या बीकनवरून त्याला शोधायचं. काकांनी भाड्यानं आणलेलं एक बीकन टपालपेट्यांजवळच्या झाडांखाली, लाकडाच्या ढलप्यांमध्ये पुरून ठेवलं होतं. आम्ही हेल्मेटसकट गुडघ्यांवर बसून ते हुडकलं, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसकडून 'पार्किंगमधील खोदकामाबाबत' ईमेल आली.

दुसरा अंक अंगठ्याचा. काकांनी जुन्या सायकलीच्या हँडलला एक कडक स्प्रिंगचा खटका बसवून ते स्टुलाला आवळलं होतं. स्टुलावर बसायचं, खटका अर्धा दाबायचा आणि गणपतीची आरती संपेपर्यंत तसाच धरायचा. आरती आम्ही सगळ्यांनी म्हणायची. मृणालनं धरला. मी धरला, पण शेवटी अंगठ्याची काठी झाली होती. निखिलनं या खेपेला दात-ओठ खाऊन धरला आणि वर काकांकडे पाहून मान उडवली. काका मनापासून हसले.

शेवटी ते स्वतः बसले. आरती सुरू झाली. पहिलं कडवं संपायच्या आत खटक्यातून बारीक आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. आम्ही आरती मोठ्यानं म्हणायला लागलो, कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी आवाज चढवला. खडखड त्याहून वाढली. काकांनी डावा हात उजव्या मनगटावर ठेवून पाहिला. मग त्यांनी खटका सोडला आणि आरती मध्येच थांबली. आरती अशी अर्धवट थांबलेली मी कधी ऐकली नव्हती.

"माझं नाव काढा," काका म्हणाले.

"काहीतरीच काय काका!" मृणाल म्हणाली. "आज कॉफी झाली असेल जास्त."

"आज घेतलीच नाही."

सगळ्यात आधी निखिल त्यांच्यापाशी गेला. खरं तर 'तालमीत पडलं ते पडलं' असं ऐकवायची संधी त्याचीच होती. तो स्टुलाजवळ खाली बसला आणि म्हणाला, "काका, सोडा ना यार. कोणाला कळणार आहे तिकडे?"

"मला कळलं ना बापा," काका म्हणाले. "आणि मी बुडालो की मला खणून काढायला तुम्हीच मागे फिरणार. ते नाही चालणार." त्यांनी हेल्मेट काढलं, हँडल सोडवलं, स्टूल उचललं आणि "कपडे वाळवून घडी करा, ओले ठेवू नका" असं सांगून ते घरात गेले. मला त्या नियमाचा त्या दिवशी मनस्वी राग आला. ज्यानं तो केला त्याच्यावरही आला.

संध्याकाळी त्यांनी डानाला फोन करून आपलं मशीन रद्द केलं. सहल मात्र रद्द करू दिली नाही आणि स्वतःही आले. "विंगेत कोणीतरी लागतंच," एवढंच म्हणाले.

वायोमिंगात, बर्फावर जायच्या सकाळी डाना म्हणाली, रात्रीत फार बर्फ पडलाय, उतारांच्या जवळ जायचं नाही, खालच्या कुरणांत आणि झाडांत राहू. आम्ही मुकाट माना हलवल्या. काकांनी प्रत्येकाचं बीकन चालू आहे का ते पाहिलं, निखिलच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला आणि डानाच्या ऑफिसजवळ उभे राहून हात केला. पुढच्या वळणावर मी मागे पाहिलं, तेव्हा ते तिथेच होते.

बर्फाबद्दल मी फार सांगणार नाही. काका असते तर, हाच विचार दिवसभर डोक्यात होता. आम्ही सगळेच वारंवार रुतलो, फावड्यानं एकमेकांना काढलं, हसलो. परतताना निखिलचं मशीन ओढ्याकाठच्या बर्फात असं बुडालं की नुसती काच वर राहिली. ते काढेपर्यंत उन्हं उतरली. डानानं सॅटेलाइटवरून ऑफिसला निरोप पाठवला, उशीर होतोय, सगळे ठीक आहेत.

निरोप काकांना मिळाला होता. तरी आम्ही पोचलो तेव्हा ते बर्फात उभे होते. जाड कपडे, बूट, हातमोजे, छातीला बीकन, डोक्यावर हेल्मेट.

"काका, हे काय?" मी विचारलं.

"बदली कलाकार तयार नको का?" ते म्हणाले. "ऐनवेळी कोणाची गरज लागली तर."

हे मी डानाला इंग्रजीत सांगितलं. तिनं काकांकडे नीट पाहिलं. मग ती शेडमध्ये गेली आणि सामान ओढायचं लांब सीटचं मशीन घेऊन आली. डोंगरावर ते नेता येत नाही, पण समोरचं कुरण सपाट होतं आणि त्यावरच्या ताज्या बर्फावर एकही रेघ नव्हती. तिनं मागच्या सीटवर थाप मारली.

काका जागेवरून हलले नाहीत. "याची तालीम नाही झाली," ते म्हणाले.

"तालीम गेली खड्ड्यात," निखिल म्हणाला. "बसा!"

काकांनी कुरणाकडे पाहिलं, मग हेल्मेटच्या पट्ट्याशी हात नेला. तो लागेना. निखिलनं पुढे होऊन लावला आणि सकाळी त्यांनी पाहिला होता तसाच ओढून पाहिला. काका चढले. डानानं मशीन सरळ खोल बर्फात घातलं. बर्फाचा भुगा उडाला आणि दोघं दिसेनासे झाले, मग पलीकडून निघाले. एक फेरी झाली. आम्हाला वाटलं थांबतील, पण डानानं पुन्हा वळवलं. अंधार पडेपर्यंत ते फिरत होते. काका उतरले तेव्हा त्यांच्या मिशा पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. "चहा घ्या, थर्मास गाडीत आहे," ते म्हणाले, आणि त्या विषयावर कोणालाही बोलू दिलं नाही.

नंतर केतकीनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. पार्किन्सन्स निघाला. उन्हाळ्यात घर विकून ती त्यांना मॉरिसव्हिलला घेऊन गेली. जाताना त्यांनी सायकलचं हँडल निखिलला दिलं आणि तालमी बंद पडू देऊ नका म्हणून दम भरला.

बंद पडल्या नाहीत. या जानेवारीतही आम्ही पार्किंगमध्ये उभे राहिलो. गाडीच्या बॉनेटवर फोन टेकवलेला, फोनमध्ये मॉरिसव्हिलच्या खुर्चीतले काका. आवाज बारीक झालाय, पण कोणाचा बूट सैल आहे ते त्यांना तिथून दिसतं. बाकीचे बीकन शोधायला गेले तेव्हा मी फोन घेऊन बाजूला आलो आणि इतके दिवस राहिलेलं विचारलं. काका, त्या दिवशी कसं वाटलं होतं?

"डानाचा खांदा धरला होता मी," ते म्हणाले. "तोही हलत होता रे. त्या मशीनवर बसलं की सगळ्यांचंच अंग थरथरतं, माझं काही वेगळं नव्हतं. तेवढा वेळ मी बरा होतो."

मी फोन जरा जवळ धरला.

"जा आता," काका म्हणाले. "हेल्मेट घाल. लोक उन्हात उभे आहेत."