शंभर बुटांचा नियम

त्या रविवारी दादा टोकावड्याच्या ढाब्यावर पत्ते खेळायला गेला. संध्याकाळी परतला तेव्हा डब्यात पैसे नव्हते आणि दुकानाची किल्ली त्याच्याजवळ नव्हती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुरबाडला त्याचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचा, आठ सायकली तासाच्या भाड्याने द्यायचा आणि रविवारी तीन पत्ती खेळायचा. वहिनीचं म्हणणं एकच होतं, की खेळू नये. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी डी.एड. करून शहापूरकडच्या एका शाळेत लागले होते, शनिवारी घरी येत असे. मला वाटायचं, सुटत नसेल तर निदान हिशेबाने खेळावं. हे शहाणपण माझं.

वाचनालयातल्या एका गणिताच्या पुस्तकात संभाव्यतेवर प्रकरण होतं. ते दोनदा वाचून मी दादाला नियम करून दिला. पानं वाटण्याआधी प्रत्येकजण मध्ये जी रक्कम टाकतो तिला बूट म्हणतात. भातगिरणीच्या पडवीतल्या डावात बूट दोन रुपयांचा होता, टोकावड्याला वीसचा. खेळायचे पैसे बिस्किटांच्या डब्यात वेगळे ठेवायचे आणि डबा माझ्या ट्रंकेत राहील. जिथे बसायचं तिथले शंभर बूट डब्यात असतील तरच बसायचं, म्हणजे गिरणीवर दोनशे रुपये, टोकावड्याला दोन हजार. कमी पडले की गिरणीवर उतरायचं. दुकानाच्या गल्ल्याला हात लावायचा नाही.

चार वर्षं त्याने हे पाळलं. या काळात दोनदा टोकावड्याहून गिरणीवर उतरला, डबा भरला तसा पुन्हा वर गेला. पहिल्या वेळी ढाब्यावरच्या एकाने भर बाजारात विचारलं, "काय रे, बूट मोठा झाला का पायाला?" दुसरा म्हणाला, आता चप्पलच घाल. दादा चाकात हवा भरत होता. मान वर न करता म्हणाला, "पाय माझा हाय. मापाचा घालतो." हे त्याने मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मला लाज वाटली होती, आणि ती लाज वाटली हे मी त्याला कधी कळू दिलं नाही.

आमच्याकडे ताप उतरला की देवापुढे साखर ठेवतात. माणूस उतरला म्हटलं की मात्र त्याच्या घरी मुलगी द्यायची का, त्याच्या घरची करायची का, इथपर्यंत बोलणं जातं.

माझं लग्न ठरत होतं. मुलाचे काका टोकावड्याच्या डावात बसायचे, दादाच्या समोरच. त्या महिन्यात दादाला पानं वाईट पडत होती. रविवारी सकाळी मी ट्रंक उघडली, त्याने पैसे मोजले.

"अकराशे हायेत. उतरू ना गो?"

"या खेपेला नको, दादा. साखरपुडा होऊ दे."

त्याने डब्याचं झाकण लावलं. "नियम तुझाच हाय ना?"

"माझाच आहे. म्हणून तर सांगते."

वहिनी चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं.

पुढचं मला दुसऱ्यांकडून कळलं. अकराशे दुपारपर्यंत संपले. काका म्हणाले, आता सोयरे होणार आपण, रोख नसेल तर किल्ली ठेवा. सोयऱ्यांसमोर पानं टाकून उठायचं कसं, म्हणून त्याने किल्ली ठेवली. दुसऱ्या आठवड्यात एका टेम्पोतून आठही सायकली गेल्या. लग्न मोडावं असं घरात कुणी म्हणालं नाही, कारण मोडायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्यापाशी येऊन थांबलं असतं. मीही म्हणाले नाही. काकांनी आहेर चांगला केला. तो कुठल्या पैशांतून, हे मी मांडून पाहिलेलं नाही. गणित मला येतं.

दादा आसनगावच्या बाजूला एका गोदामात हमालीला लागला. पत्त्यांना पुन्हा त्याने हात लावला नाही. वहिनीला हवं होतं ते असं मिळालं. मला तो एकदाही बोलला नाही. बोलला असता तर मी निदान उत्तर दिलं असतं. कित्येक वर्षं मी काही उत्तरं तयार ठेवली होती, त्यांतली काही फार सुबक होती. आठ-नऊ वर्षांनी तो गेला. डॉक्टरांनी कारण काविळीचं लिहिलं.

दहाव्याला वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "तुमी शिकलेल्या. आमी आपलं नको म्हणत व्हतो."



आता माहेरी वहिनी एकटी असते. दिवाळीला मी जाते. ती जेवायला वाढते, आणखी हवं का विचारते. त्यापलीकडे आमचं बोलणं नाही.