पिस्तुलाच्या मुठीचं माप

अमेरिकेतल्या अर्विंगजवळच्या एका बंद पडलेल्या लष्करी तळावर, जिथे सैनिक जेवायचे त्या हॉलमध्ये आता पिस्तुलाच्या लाकडी मुठी बनतात. तिथे पॉलिश पेपरने मुठी घासणाऱ्या रत्नाकाकू मूळच्या संगमनेरच्या. पिस्तूल त्यांनी कधी चालवलं नाही. लवंगी फटाक्यालासुद्धा त्या कान झाकतात.

एकदा एक धिप्पाड रिटायर्ड पोलीस तिसऱ्यांदा मूठ परत घेऊन आला. "हातात बसतच नाही!" म्हणून मालकावर ओरडू लागला. काकू उठल्या, त्याला स्टुलावर बसवलं आणि त्याचा पंजा धरून बोटांची हाडं दाबायला लागल्या.

"लूज! हात लूज सोड रे बाबा!"

गडी कळवळून ओरडला, मग डोळे मिटून बसला. काकूंनी अंगठ्याखालचा मांसल भाग चाचपला, मुठीची तेवढीच बाजू घासली आणि ती त्याच्या हातात दिली. चपखल बसली.

"हे कुठे शिकलात?" मालकाने विचारलं.

"वडिलांच्या दुकानात, बांगड्या भरताना. नवऱ्या मुली याच्यापेक्षा जास्त ओरडायच्या."

पोलिसाने काकूंचे आभार मानले. मग दुखरा हात चोळत मालकाला हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी माप फोनवर घ्या."