नळदुर्गच्या रस्त्यावरचा पितळी डबा

१९७३ च्या मार्च महिन्यात नळदुर्गच्या हमरस्त्यावरील एका खानावळीत भाकरी ताटात पडण्याआधीच मोडू लागल्या. थोड्याच दिवसांत निम्मे जेवणारे समोरच्या ढाब्यावर गेले.

खानावळ एका लिंगायत बाईंची होती. वय पंचेचाळिशीच्या आसपास, माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचे, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेली. पती वारल्यानंतर त्यांनी रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत जेवण घालायला सुरुवात केली होती. सगळे त्यांना अक्का म्हणत. मीही तेच म्हणत असे.

मी तेव्हा सोलापूरच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. दुष्काळी कामे, पाण्याचे टँकर, चारा छावण्या यांच्या बातम्या पाठवणे हे काम. एसटी दोन्ही दिशांना मिळते म्हणून नळदुर्गला खोली घेतली होती. एकटा असल्याने जेवण बाहेरच. नव्या गावात उतरलो की आधी जेवणाची जागा हेरायची सवय लागली होती आणि त्या सवयीमुळेच या रस्त्याचे खरे रूप कळले.

जुने गाव किल्ल्याच्या बाजूला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत मात्र नवी वस्ती उभी राहत होती. पंक्चरची दुकाने, लोहाराचा भाता, ट्रकांच्या रांगा. त्या वस्तीत एकमेकांना हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर चार चुली होत्या. अक्कांची खानावळ, एका अण्णांचे उडुपी हॉटेल, एका म्हाताऱ्या चाचांचे हैदराबादी खाण्याचे हॉटेल आणि रस्त्यापलीकडे एका सरदारजींचा ढाबा. भोवती नजर पोहोचेल तिथवर काळी, भेगाळलेली जमीन. बोरी नदीचे पात्र कोरडे. दिवसभर कामांवर फिरून संध्याकाळी एसटीतून उतरलो की एका बाजूने सांबाराचा, दुसरीकडून गरम मसाल्याचा, समोरून तंदूरमधल्या रोटीचा वास येई. ज्या मुलखात धान्य नव्हते तिथे हे चारही वास दररोज कसे निघतात, याचे आश्चर्य मला शेवटपर्यंत वाटत राहिले.

धान्य म्हणजे मिलो. ज्वारी बाजारातून नाहीशी झाली होती आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळत होती. लोक तिला मिलो म्हणत. दाणा जुना, पीठ भरड, चव कडवट. गरम पाण्यात मळले तरी ते धरत नसे. अक्का परातीत भाकरी थापत, दोन्ही हातांवर उचलत आणि तव्यापर्यंत जाताजाताच तिचे तुकडे होत.

त्या दिवशी पंगतीला बसलेला एसटीचा ड्रायव्हर म्हणाला, “अक्का, भाकरी वाढली का भुगा?”

“भुगाच हाय. वाटीत घ्या अन् प्या,” अक्का तव्यावरून मान न वळवता म्हणाल्या.

“मग चमचा तरी द्या.”

“चमच्यानं खायला काय दवाखान्यात हायसा?”

लोक हसले. दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर ढाब्यावर दिसला. त्याच्या मागोमाग कंडक्टर, पाझर तलावावरचे मुकादम, पेट्रोल पंपावरची माणसे गेली. ढाब्यावर गव्हाची रोटी मिळत होती. उत्तरेकडून येणारे ट्रकड्रायव्हर केबिनमध्ये थोडीथोडी कणीक घेऊन येत आणि सरदारजींना देत.

अक्कांनी पाडव्यापर्यंत वाट पाहायचे ठरवले. तोवर जेवणारे परतले नाहीत तर खानावळ बंद करून आळंदला भावाकडे जायचे.

“भावाकडं काय कमी आहे?” मी विचारले.

“कमी काय न्हाय. तिथंबी चुलीपुढंच बसायचं. पण ती चूल माझी न्हाय,” त्या म्हणाल्या.

एका दुपारी त्यांनी मला थांबवले. “ओ पेपरवाले, तुमी समद्या हाटेलात जेवता. मिलो तर समद्यांनाच मिळालाय. बाकीचे त्याचं काय करतात?”

मी खात होतो, पण असे पाहिले नव्हते. अक्कांनी फळीवरचा झाकणाचा पितळी डबा काढला, त्यात मिलोचे पीठ भरले आणि माझ्या हातात दिला. “अण्णाकडं द्या. म्हणावं, अक्कानं पाठवलंय.”

एवढाच निरोप. त्याहून जास्त सांगण्याची गरज नव्हती. शेजाऱ्याकडून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, ही रीत या भागात सगळ्यांनाच ठाऊक होती. डबा जो काही घेऊन येईल, तेच उत्तर.

अण्णांनी झाकण उघडले, पीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवले आणि म्हणाले, “उद्या सकाळी या.” सकाळी त्यांच्या तव्यावर तांबूस रंगाचे डोसे पडत होते. पीठ उडदाबरोबर रात्रभर आंबवले होते. कडा कुरकुरीत, मध्ये जाळी, आणि कडवटपणा आंबटपणात विरून गेलेला. मी तिथेच उभ्या उभ्या तीन खाल्ले. ज्या पिठाला अख्खा जिल्हा नावे ठेवत होता, ते हेच पीठ आहे यावर विश्वास बसायला वेळ लागला. अण्णांनी दोन डोसे घडी घालून डब्यात ठेवले.

अक्कांनी एक खाल्ला. “ग्वाड हाय,” म्हणाल्या, म्हणजे चवीला चांगला आहे. मग म्हणाल्या, “पण ह्याला उडीद लागतो. अन् मातीच्या पाट्या वाहून आलेला माणूस दोन डोशांवर उठंल का?”

डबा पुन्हा भरला गेला. या वेळी चाचांकडे.

चाचांच्या हॉटेलात बाकडी दोनच होती आणि पातेले एकच. मिलोवर त्यांनी आधीच तोडगा काढला होता. दाणा कुटून, डाळ आणि हाडांच्या रश्शात घालून, मंद आचेवर दिवसभर घोटायचा. त्यांनी माझ्यापुढे बशी ठेवली. वरून तळलेला कांदा. पहिल्या घासामागोमाग मी दुसरा घेतला. दाणा कुठे संपतो आणि मांस कुठे सुरू होते हे सांगता येत नव्हते. मांस जवळजवळ नव्हतेच, हे मला नंतर कळले.

“कैसा है मियाँ?” चाचांनी विचारले.

“चाचा, हे मिलोचं आहे?”

“मिलोच है. घोटना पडता. हाथ दुखे तक घोटना पडता.”

मग त्यांनी अक्कांचा डबा पुढे ओढला. “हमारे चूल्हे का उनकू नक्को. लेकिन बर्तन खाली कैसा भेजूं?” त्यांनी पीठ काढून घेतले, डबा कोरड्या फडक्याने आतून पुसला आणि त्यात वाळवलेली चिंच आणि धने भरले. हात लागू नये म्हणून धने कागदाच्या पुडीतून ओतले.

अक्कांनी डबा घेतला. “कोरडं कुणाच्याबी हातचं चालतं. हात लावला असता तरी चाललं असतं, म्हणावं चाचांना,” त्या म्हणाल्या. मी तो निरोप पोचवला. चाचा नुसते हसले.

तिसऱ्यांदा डबा भरला तेव्हा तो चुलीजवळ बराच वेळ तसाच राहिला. उरला होता तो समोरचा ढाबा, जिथे त्यांचे जेवणारे जाऊन बसत होते. शेवटी त्यांनी तो उचलून माझ्याकडे दिला. “त्येंनाबी द्या,” म्हणाल्या. या वेळी माझ्याकडे पाहिले नाही.

सरदारजी कामात होते. मी डबा दिला, अक्कांनी पाठवला आहे असे सांगितले आणि एसटी पकडली. तेर गावाला टँकरची बातमी होती. परत आलो तेव्हा डबा अक्कांच्या दारात आधीच पोचला होता. कुणी तरी ट्रकवाल्याने आणून ठेवला होता. राखेने घासलेला, लख्ख, आणि रिकामा.

अक्कांनी तो फळीवर पालथा ठेवला. त्या संध्याकाळी त्यांनी मोठी पातेली एकात एक घालून सुतळीने बांधायला घेतली. पाडवा जवळ आला होता.

मी दुसऱ्या दिवशी ढाब्यावर जेवायला बसलो. तिथली काळी डाळ, वरून लोण्याचा गोळा, आणि तंदूरची रोटी. इतक्या साध्या दोन पदार्थांत एवढी चव कशी असते, हे कोडे मला तिथे प्रत्येक वेळी पडे. त्या दिवशी मात्र आधी विचारले, “सरदारजी, अक्कांचा डबा रिकामा पाठवलात?”

“साफ करके भेजा,” ते म्हणाले. मग बाजूला येऊन बसले. “आटे की बात मत पूछो.”

विचारल्यावर सगळे सांगितले. त्यांच्या गावी एकाच्या अंगणात तंदूर असतो आणि आसपासच्या बायका आपापले पीठ घेऊन तिथे रोट्या लावून नेतात. अक्कांचे पीठ आले तेव्हा त्यांना वाटले, बाईंकडे सरपण संपले असेल, रोट्या लावून मागितल्या आहेत. त्यांनी पीठ मळले. पहिली रोटी तंदूरच्या भिंतीला लावली, ती निखाऱ्यात पडली. दुसरी लावली, तीही पडली. सगळे पीठ असेच गेले.

“तंदूर पे खड़े-खड़े बाल सफ़ेद हो गए. एक रोटी नहीं टिकी. किस मुँह से जाता?” म्हणून डबा घासून, चकाकवून दुसऱ्याच्या हाती पाठवला.

मी त्यांना इथली रीत सांगितली. रिकामा आलेला डबा म्हणजे नकार, तेही सांगितले. अक्कांनी पातेली बांधली आहेत, हेही.

सरदारजी उठले. गल्ल्यावर पुतण्याला बसवले, कणकेच्या पोत्यात घमेले बुडवून काठोकाठ भरले आणि रस्ता ओलांडला. दुपारची वेळ होती. दोन ट्रक त्यांच्यासाठी थांबले. ते खानावळीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत जेवणारे मोजकेच होते. त्यांत तो एसटीचा ड्रायव्हरही होता. तो दोन दिवस ढाब्यावर आणि एक दिवस इथे, असे करत असे.

“बहनजी, आपका आटा मेरे तंदूर में जल गया,” सरदारजी म्हणाले. “ये रख लो.”

अक्का बाहेर आल्या. घमेल्याकडे पाहिले. “म्या मागितलं न्हवतं,” त्या म्हणाल्या.

“माँगा कहाँ? डिब्बा भेजा था. मैं ही नासमझ.”

“मागून आणलेल्या पिठावर म्या खानावळ चालवत न्हाय.”

“अक्का, डबा तुमीच पाठवला की,” ड्रायव्हर ताटावरून म्हणाला. “आता उत्तर आलंय तर घ्या. न्हायतर मला द्या, घरी नेतो.”

“तू जेव गुमान.”

पण त्या आत गेल्या आणि फळीवरचा डबा सुलटा करून घेऊन आल्या. सरदारजींनी डबा भरला. उरलेली कणीक परत नेऊ लागले, तेव्हा अक्कांनी घमेलेच धरून आत ओढले. मिलोत मूठभर कणीक पडली तर भाकरी धरते, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. कणीक कुठे आहे, हेही माहीत होते. हे माझ्या लक्षात तेव्हा आले.

त्यांनी परातीत मिलो घेतला, त्यात कणीक मिसळली, आधणाचे पाणी ओतले. सरदारजी उंबऱ्याबाहेरून वाकून बघत होते. जेवणारे घास हातात धरून थांबले. अक्कांच्या तळव्याखाली गोळा फिरू लागला, कडा पसरत गेल्या. तांबूस भाकरी परातीएवढी झाली. त्यांनी ती दोन्ही हातांवर उचलली. ती मोडली नाही. तव्यावर पडली, पाणी फिरले, उलटली, मग निखाऱ्यांसमोर उभी राहिली आणि फुगली. दुष्काळाच्या त्या वर्षी मी मंत्र्यांचे दौरे पाहिले, हजारो माणसे एका बांधावर राबताना पाहिली. पण एवढ्या माणसांना एकाच गोष्टीकडे श्वास रोखून बघताना पाहिले ते तिथेच.

पहिली भाकरी अक्कांनी सरदारजींना दिली, वर जवसाची चटणी. त्यांनी उभ्यानेच खाल्ली. चटणीने डोळ्यांत पाणी आले, तरी आणखी मागितली.

“साकु,” अक्का म्हणाल्या, म्हणजे पुरे. “जळंल तोंड.” आणि डबा रिकामा करून, पुसून, जवसाच्या चटणीने भरून त्यांच्या हाती दिला.

त्या दिवसापासून डबा सकाळी चटणी घेऊन पलीकडे जाई आणि कणीक घेऊन परत येई. ट्रकड्रायव्हर ढाब्यावर रोटीबरोबर जवसाची चटणी मागू लागले. काही जण ती कुठून येते हे विचारत रस्ता ओलांडून आले आणि अक्कांकडे जेवले. मुकादम परतले. एसटीचा ड्रायव्हर रोज येऊ लागला आणि रोजच भाकरी हातात उचलून, उजेडापुढे धरून, मोडते का ते पाहू लागला.

“मोडली तर चमचा देईन,” अक्का म्हणत.

पाडव्याला खानावळ सुरू होती. बांधलेली पातेली त्याआधीच सुटली होती.

पुढच्या वर्षांत माझी बदली झाली. मिलो बंद झाला, पांढरी ज्वारी परत आली. रस्ता रुंद झाला, हॉटेले वाढली. ऊस आणि सहकारी कारखान्यांच्या बातम्यांसाठी या भागात अधूनमधून येणे होई, पण नळदुर्गला उतरणे जमले नाही. माकणीला धरणाचे काम चालू होते, त्या काळात एकदा तिकडे जाताना दुपारी मुद्दाम थांबलो. अण्णांचे हॉटेल होते. चाचांच्या जागी त्यांचा मुलगा पातेले घोटत होता. अक्कांच्या केसांत पांढरे आले होते. ताटात पांढरीशुभ्र भाकरी होती, एकही भेग नसलेली. कणकेची गरज केव्हाच संपली होती.

जेवताना मी फळीकडे पाहिले. डब्याची जागा रिकामी होती.

“डबा कुठं आहे?” मी विचारले.

“सकाळी ढाब्यावर गेलाय,” अक्का म्हणाल्या. “अजून आला न्हाय.”